लाखेने राखलेली गाणी

माळा आवरताना आजोबांची ट्रंक निघते. आत मळकट कागदी पाकिटांतल्या काळ्या तबकड्या असतात. सैगल, खुर्शीद, अमीरबाई कर्नाटकी, सुरुवातीच्या काळातली लता. वर धुळीचा आणि बुरशीचा थर. घरातले कोणीतरी उत्साहाने स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून तबकडी पुसायला घेते. बोळा काळा होतो. मळ निघतोय असे वाटून आणखी जोर लावला जातो. प्रत्यक्षात निघत असते ते गाणे.

याचे कारण रसायनात आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही जुनी तबकडी प्लॅस्टिकची नसते, ती लाखेची असते. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, तो शुद्ध करून चपडा लाख तयार होते. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी कालवून, गरम असताना साच्यात दाबून रेकॉर्ड बनत असे. वजनात निम्म्याहून अधिक भाग भुकटीचाच. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो. म्हणून लाखेच्या तबकडीला स्पिरिट वर्ज्य, हा जुन्या गाण्यांच्या संग्राहकांचा पहिला धडा. कोमट पाणी, भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश एवढे पुरते. फक्त मधले कागदी लेबल भिजू द्यायचे नाही.

ही काळजी केवळ हौसेपोटी नाही. तीस-चाळीसच्या दशकांतले कित्येक हिंदी चित्रपट आज कोठेही पाहायला मिळत नाहीत. त्यांचे जे काही उरले आहे, ते या तबकड्यांवर.

चित्रपट गेले कोठे, याचेही उत्तर रसायनातच सापडते. १९५० च्या सुमारापर्यंत फिल्मची पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या दारूतल्या गनकॉटनचा सख्खा भाऊ. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू त्याच्या रेणूतच असतो, त्यामुळे एकदा पेटलेले रीळ पाण्याखालीही जळत राहते. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशी जुनी रिळे मोठ्या संख्येने नष्ट झाली. आग लागली नाही तरी नायट्रेट आपोआप कुजते. त्यातून निघणारे वायू हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल बनवतात, प्रतिमा पुसट होते, पट्टी चिकट होते आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. नंतर आलेली ॲसिटेटची पट्टी पेट घेत नाही, पण दमट आणि उष्ण हवेत तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. हे आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते. मुंबई-कोकणासारखी हवा तर या रोगाला आमंत्रणच. त्यात भर म्हणजे फिल्मवरची प्रतिमा चांदीची. खेळ संपलेली रिळे त्या चांदीसाठीही विकली आणि गाळली गेली.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी देशभर फिरून रिळे गोळा केली. पण तोवर बरेच काही गेले होते. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत सापडलेली नाही. त्यातली गाणी चित्रीकरणाच्या वेळीच थेट ध्वनिमुद्रित झाली, त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. चित्रपट गेला, त्याबरोबर आवाजही गेला.

इथे रसिकांचे काम सुरू होते, आणि ते नुसत्या ‘वाहवा’पुरते नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी चित्रपटगृहात मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, रेकॉर्ड कंपन्यांच्या सूची आणि लेबले धुंडाळून १९३१ पासूनच्या गीतांचा दशकवार कोश रचला. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. तिच्या कामात पुढे राहिलेले डॉ. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ, हा योगायोग म्हणावा का? लेबलवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ‘महल’च्या (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले होते. गायल्या होत्या लता मंगेशकर.

तबकडीतून आवाज नीट बाहेर काढणे ही तर स्वतंत्र विद्या आहे. ७८ च्या तबकडीची खोबण रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती लावली तर खोबणीच्या तळातल्या कचऱ्यातून घासत जाते आणि खरखर तेवढी वाढते. मुद्रण करताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असत. ऐकताना त्याच्या उलट दुरुस्ती करावी लागते. वेगाचा घोळ वेगळाच. ७८ ऐवजी साधारण ८३ फेऱ्यांनी तबकडी फिरली की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. सिनेमाची पट्टी सेकंदाला २४ चित्रांची, आपल्याकडचा जुना टीव्ही २५ चा. तो फरक भरून काढण्यासाठी चित्रपट चार टक्के वेगाने पळवला जाई, त्यामुळे टीव्हीवर किंवा डीव्हीडीवर तेच गाणे किंचित चढे आणि घाईचे वाटते. आपल्याकडच्या गाण्याचा सूर ‘खरा’ नाही, असा वाद दोन संग्राहकांत रंगला की बहुतेकदा दोघांचेही कान बरोबर असतात, यंत्रे वेगवेगळी असतात.

खरखर काढणारी सॉफ्टवेअर आता कोणाच्याही हाती आहेत, आणि तिथेच मोठे नुकसान होते. जास्त सफाई केली की खरखरीबरोबर व्हायोलिनची धार जाते, ‘स’चा सीत्कार जातो, ओळीआधी गायिकेने घेतलेला श्वासही जातो. जाणकार मूळ मुद्रण जसेच्या तसे जपतात आणि सफाई त्याच्या प्रतीवर करतात. हेच शहाणपणाचे.

आता ज्यांनी हे सारे जमवले, ती पिढी ऐंशीच्या घरात आहे. फ्लॅट लहान झाले. पाचशे तबकड्यांचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते, आणि मुलांना त्यांचे काय करावे ते कळत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात त्या पोहोचल्या तरी नशीब. भंगारात मात्र लाखेला किंमत नाही. अशी ट्रंक निघालीच, तर तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. गंजलेली सुई लावून ‘वाजते का’ ते पाहू नये. लेबलवरचा मजकूर आणि लेबलाभोवतीच्या मोकळ्या कड्यात कोरलेला क्रमांक वहीत उतरवावा आणि एखाद्या संग्राहकाला कळवावे. तडा गेलेली तबकडीही टाकू नये. तिचे दोन तुकडे झाले नसतील, तर त्यातूनही गाणे निघते.