पडवीतलं दुखणं

महाड तालुक्यात कुत्र्याचं स्मारक आहे आणि त्यावरून वादही आहे. रायगडावरचा वाघ्या १९३६ साली चौथऱ्यावर बसला, २०१२ साली उखडला गेला आणि पुन्हा बसवला गेला. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, या कथेला समकालीन पुरावा नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. तो निवाडा त्यांच्याकडे. त्या कथेने आपल्याला एक सवय मात्र लावली आहे. कुत्रं जेवेनासं झालं की आपल्याला त्याची निष्ठा दिसते. थोरला मुंबईला गेला, म्हणून मोत्या झुरतोय. झुरत असेलही, पण आधी त्याचा कान उलटून बघावा.

कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या बुडाशी गोचिडी सापडतात. रक्त पिऊन फुगलेली गोचीड एरंडाच्या बीसारखी दिसते. तिच्या चावण्यातून एर्लिकिया, बबेसिया हे जंतू अंगात शिरतात. कुत्रं आठवडाभर नुसतं मलूल असतं, मग कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी लालसर होते. नाक ओलं म्हणजे ताप नाही, ही समजूत सोडून द्यावी. ताप मोजायचा तर गुदद्वारात थर्मामीटर. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. त्याहून सोपी खूण हिरडीची. ओठ उचलावा, हिरडी बोटाने दाबून सोडावी. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी मुळातच फिकी किंवा पिवळसर असेल, तर उद्यावर ढकलू नये.

पिवळेपणावरून सावित्री नदीचा पूर आठवतो. जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ बुडाली, आणि पाणी ओसरल्यावर माणसांना लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या वाटल्या गेल्या. उंदरांच्या लघवीतून पसरणारा हाच लेप्टो त्या चिखलातून फिरणाऱ्या कुत्र्यालाही होतो: ताप, उलट्या, कावीळ, मूत्रपिंड निकामी. आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो घरच्या माणसांपर्यंत पोचतो, म्हणून ती साफ करताना हातमोजे हवेत. कुत्र्यांसाठी याची लस आहे, दर वर्षी द्यावी लागते.

वागणं बदललं की आधी दुखणं शोधावं, हे रेबीजइतकं कुठेच खरं नाही. पिसाळलेलं म्हणजे तोंडाला फेस आणि अंगावर धावणं, एवढंच चित्र आपल्या डोक्यात असतं. पण रेबीजचं एक रूप गप्प असतं. लाजरं कुत्रं अचानक लगट करतं, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही. घरचे म्हणतात, घशात हाड अडकलं, आणि कोणीतरी हात तोंडात घालतो. तो हात घालू नये. समोर पाणी ठेवून परीक्षा घेणारेही भेटतात. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण, कुत्रं पाण्याला तोंड लावेलसुद्धा. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, पण लस त्यासाठी थांबवायची नसते.

मांजराचं उलट. ते दुखणं लपवतं. बोका राखेच्या ढिगाऱ्यावर पुन्हापुन्हा बसतो, कुंथतो, खाली काहीच पडत नाही. पोट धरलं समजून एरंडेल पाजलं जातं. बहुतेकदा मूत्रमार्ग तुंबलेला असतो, आणि एक-दोन दिवसांत बोका दगावतो. मांजर गुरगुरतंय म्हणजे खुशीत आहे, असंही नाही. वेदनेतही ते गुरगुरतं. पॅरासिटामॉलचा तुकडादेखील त्याला विष आहे, कारण ते पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी असते. गोठ्यातलं गोचिडांचं औषध मांजराला चोळणंही तितकंच घातक. त्यातल्या काही औषधांनी मांजराला झटके येतात.

मात्र प्रत्येक बदल म्हणजे आजार नव्हे. पोलादपूरच्या घाटाखालच्या वाडीत तिन्हीसांजेनंतर कुत्रं अंगणात उतरेना, तर बिबट्या फिरकून गेला का ते आधी विचारावं. पडवीत बांधलेलं कुत्रं त्याला सोपी शिकार. शेपूट हलतेय म्हणून कुत्रं खूश, हाही अर्धवट हिशेब. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडे जास्त झुकते, आणि दांडगं अनोळखी कुत्रं दिसलं की डावीकडे. एवढं बारीक बघायला कोणाला जमणार? पण तोंड फिरवणं, ओठ चाटणं, अवेळी जांभई देणं तर दिसतं. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांची पोरं गळ्यात पडतात तेव्हा कुत्रं हेच करतं, आणि कोणी ऐकलं नाही की चावतं. मग कुत्रं बिघडलं, असं ठरतं.

दिवाळीत पलंगाखाली थरथरणाऱ्या कुत्र्याला ओढून बाहेर काढू नये. कुरवाळल्याने भीती वाढत नाही, बिनधास्त कुरवाळावं. फारच त्रास होत असेल तर पशुवैद्यक औषध देतात, ते फटाके सुरू होण्याआधी द्यायचं. मनुक्यांचे लाडू आणि चॉकलेट कुत्र्याच्या तोंडापासून दूर.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. दवाखान्यात परक्या वासाने बिचकलेलं कुत्रं बरेचदा लंगडायचंच विसरतं, म्हणून घरच्या अंगणात चालतानाचा व्हिडिओ मोबाईलवर घ्यावा. शेवटचं कधी खाल्लं, शी-लघवी कधी झाली, हे लिहून न्यावं. घरातली गोळी दिली असेल किंवा उंदराचं औषध खाल्ल्याचा संशय असेल, तर ते रिकामं पाकीटही सोबत घ्यावं.