चालत्या गिरणीचे इंजिन बदलताना

पिठाची गिरणी चालू आहे, दारात दळणाचे डबे रांगेत लागले आहेत आणि मालक म्हणतो, "इंजिन बदलतो आहे, पण तुमचे दळण थांबणार नाही." अशा मालकाला आपण वेड्यातच काढू. परंतु अमेरिकेतील अ‍ॅपल या संगणक बनविणाऱ्या कंपनीने २००५ साली नेमके हेच करावयाचे ठरविले. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन, हप्त्याने संगणक घेणाऱ्या प्रत्येक घराने ही हकीकत समजून घ्यावी, असे आम्हास वाटते.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याच्या निरनिराळ्या जाती आहेत आणि प्रत्येक जातीची भाषा वेगळी. एका भाषेत तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरला कळत नाही. म्हणून प्रोसेसर पुरविणारा बदलणे हे किराण्याचे दुकान बदलण्याइतके सोपे नसते. नवा प्रोसेसर आला की गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेले जुने प्रोग्रॅम त्याच्यापुढे मुके होतात.

अ‍ॅपलचा मॅकिंटॉश १९८४ साली बाजारात आला, तेव्हा त्यात मोटोरोला कंपनीचा प्रोसेसर होता. पुढे १९९१ मध्ये अ‍ॅपल, आयबीएम व मोटोरोला एकत्र आल्या. त्यांनी पॉवरपीसी हा नवा प्रोसेसर तयार केला आणि १९९४ पासून तो मॅकिंटॉशमध्ये बसू लागला. इतर बहुतेक संगणकांत इंटेल कंपनीचा माल असे. १९९८ साली अ‍ॅपलने एका जाहिरातीत गोगलगाईच्या पाठीवर इंटेलचा प्रोसेसर ठेवून त्याची टर उडविली होती. सात वर्षांनी त्याच इंटेलचे दार ठोठावण्याची पाळी येईल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

कारण उष्णतेत होते. जून २००३ मध्ये अ‍ॅपलने आयबीएमचा जी-५ प्रोसेसर असलेला संगणक आणला. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी वर्षभरात त्याचा वेग ३ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोक्यांवर नेण्याचे वचन दिले. वर्ष सरले, पण वेग २.५ वरच अडकला. तेवढ्यासाठीही आत द्रव खेळवून प्रोसेसर थंड ठेवावा लागे. असा तापट प्रोसेसर मांडीवरच्या संगणकात बसविणार कसा? तिकडे आयबीएमकडे खेळांच्या यंत्रांचे प्रोसेसर बनविण्याची मोठी कामे आली होती. त्यांच्यापुढे अ‍ॅपल हे लहान गिऱ्हाईक. एकाच पुरवठादारावर ज्याचा धंदा उभा असतो, त्याला त्या पुरवठादाराच्या सोयीने चालावे लागते, हा व्यापाराचा जुना नियम आहे.

६ जून २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे प्रोग्रॅम तयार करणाऱ्यांच्या सभेत जॉब्ज यांनी इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. यात धोके तीन होते. पहिला, नवा माल वर्षभराने येणार म्हटल्यावर आजचा माल घेणार कोण? दुसरा, हजारो प्रोग्रॅमकर्त्यांनी पुन्हा मेहनत करावयाची. त्यांनी नकार दिला तर? तिसरा, लोकांच्या घरी असलेल्या जुन्या प्रोग्रॅमचे काय?

आम्हास यातील पूर्वतयारी महत्त्वाची वाटते. संगणक चालविणारी आपली मूळ प्रणाली अ‍ॅपलने पाच वर्षे गुपचूप इंटेलसाठीही तयार करून ठेवली होती. त्या दिवशी सभेत सकाळपासून जॉब्ज जो संगणक वापरून दाखवीत होते, तोही इंटेलवरच चालत होता! शिवाय 'रोझेटा' नावाचा दुभाषा दिला गेला. तो जुन्या प्रोग्रॅमचे बोलणे नव्या प्रोसेसरला समजावून सांगे. काम थोडे सावकाश होई, पण होई. प्रोग्रॅमकर्त्यांना एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही भाषा भरण्याची सोय दिली, जशी एकाच कागदावर मराठी व इंग्रजी सूचना छापावी तशी. तयारीसाठी त्यांना ९९९ डॉलर घेऊन इंटेलचे संगणक वापरण्यापुरते देण्यात आले.

सर्व बदल २००७ अखेर पुरा करण्याचा बेत होता. जानेवारी २००६ मध्ये पहिले संगणक आले आणि ऑगस्ट २००६ मध्ये काम जवळजवळ संपलेही. २००५ च्या हिशेबी वर्षात मॅकिंटॉश सुमारे ४५ लाख विकले गेले होते, २००७ मध्ये सुमारे ७० लाख. गिरणी बंद पडली नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांनी २००६ मध्ये शेवटचे जी-५ संगणक घेतले, त्यांच्यासाठी ऑगस्ट २००९ ची नवी प्रणाली चाललीच नाही. अवघ्या तीन वर्षांत महागडे यंत्र मागे पडले. २०११ च्या प्रणालीतून तर दुभाषाही काढून टाकला, आणि जुन्या प्रोग्रॅमवर ज्यांचे काम अवलंबून होते, त्यांनी नवी प्रणाली घ्यावी की जुने काम सांभाळावे, असा पेच पडला. कंपनीचा धोका टळला. त्याची किंमत काही अंशी गिऱ्हाइकाने मोजली.

इंटेलशीही हा संसार कायमचा टिकला नाही. जून २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतः आखलेले प्रोसेसर वापरण्याचे जाहीर केले आणि त्याच नोव्हेंबरात असे पहिले संगणक आले. ते प्रोसेसर तैवानच्या कारखान्यात तयार होतात. या वेळीही नवा दुभाषा दिला गेला. २०२५ मध्ये, त्या वर्षीची प्रणाली ही इंटेलच्या मॅकिंटॉशसाठी शेवटची, असे कंपनीने सांगून टाकले.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात कोणत्याही कंपनीचा संगणक घ्याल तेव्हा नुसता वेग व किंमत विचारून थांबू नका. दुकानदाराला विचारा, यातील प्रोसेसर कोणता आणि कंपनी त्याला नव्या प्रणाली किती वर्षे देणार? शाळा-कॉलेजात लागणारे प्रोग्रॅम याच्यावर चालतात काय? दुकानातील जुना माल स्वस्तात मिळत असेल, तर तो स्वस्त का, हेही विचारा. घामाचा पैसा आहे. प्रश्न विचारण्यात लाज कसली? इंजिन बदलण्याचा अधिकार मालकाचा आहे, पण आपल्या दळणाचे काय होणार, हे रांगेत उभे राहण्यापूर्वी विचारण्याचा अधिकार आपला आहे.