ॲलन प्रेस्कॉट

ॲलन प्रेस्कॉट (१७ जून १९२७ – २० सप्टेंबर १९९८) हे इंग्लंडचे रग्बी लीग खेळाडू व प्रशिक्षक होते. १९५८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात हात मोडलेला असतानाही संपूर्ण कसोटी सामना खेळल्याबद्दल ते विशेष ओळखले जातात.

कारकीर्द

प्रेस्कॉट यांचा जन्म लँकेशायरमधील विडनेस येथे झाला. रग्बी लीग हा १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये रग्बी युनियनपासून वेगळा झालेला, प्रत्येकी १३ खेळाडूंचा खेळ आहे. प्रेस्कॉट सुरुवातीला हॅलिफॅक्सकडून खेळले आणि १९४९ मध्ये सेंट हेलेन्स संघात दाखल झाले. तेथे ते आघाडीच्या फळीत प्रॉप म्हणून खेळू लागले. १९५६ च्या चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखाली सेंट हेलेन्सने त्यांच्याच जुन्या संघाला, हॅलिफॅक्सला, १३–२ असे हरवून हा चषक प्रथमच जिंकला. सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा लान्स टॉड करंडक प्रेस्कॉट यांना मिळाला. ग्रेट ब्रिटनतर्फे ते २८ कसोटी सामने खेळले.

ब्रिस्बेन कसोटी

१९५८ च्या मालिकेतील सिडनी येथील पहिली कसोटी ग्रेट ब्रिटनने ८–२५ अशी गमावली होती. ५ जुलै रोजी ब्रिस्बेन येथील दुसऱ्या कसोटीत सुरुवातीच्या काही मिनिटांतच कर्णधार प्रेस्कॉट यांच्या उजव्या हाताचे हाड मोडले. त्या काळी जखमी खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरविण्याची मुभा नव्हती. थोड्याच वेळात डेव्हिड बोल्टन यांचे कॉलर बोन मोडले व त्यांना मैदान सोडावे लागले. प्रेस्कॉटही बाहेर गेले असते, तर संघात अकराच खेळाडू उरले असते. त्यामुळे निकामी झालेला उजवा हात सांभाळत ते अखेरपर्यंत मैदानावर राहिले. इतर काही खेळाडूही जखमी झाले, तरी ग्रेट ब्रिटनने सामना २५–१८ असा जिंकला.

या दुखापतीमुळे ते तिसऱ्या कसोटीत खेळू शकले नाहीत. ती ४०–१७ अशी जिंकून ग्रेट ब्रिटनने मालिका २–१ अशी आपल्या नावे केली. ब्रिस्बेनची कसोटी मात्र प्रेस्कॉट यांची अखेरची ठरली.

प्रशिक्षक

१९५९ मध्ये सेंट हेलेन्सने प्रेस्कॉट यांच्या नेतृत्वाखाली लीगचे विजेतेपद मिळविले. पुढे ते याच संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या कार्यकाळात, १९६१ मध्ये, वेम्बली येथे संघाने विगनला १२–६ असे नमवून पुन्हा चॅलेंज चषक जिंकला.