सोळा मिलिसेकंदांतलं पाणी

निन्टेंडोच्या १९९६ सालच्या ‘सुपर मारिओ ६४’ या गेममध्ये राजवाड्याच्या एका दालनात भिंतभर आरसा आहे. मारिओ उडी मारतो, आरशातला मारिओही मारतो. खरं तर तिथे आरसाच नाही! भिंतीपलीकडे तीच खोली उलटी बांधून ठेवलीय आणि तिच्यात दुसरा मारिओ पहिल्याची नक्कल करतोय.

एवढा खटाटोप वेळेपायी. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. फुल एचडी पडद्यावर तेवढ्यात वीस लाखांवर ठिपके रंगवायचे. खरी रीत ठाऊक होतीच. बेल लॅब्जच्या टर्नर व्हिटेड यांनी ती १९८० मध्ये मांडली होती: प्रत्येक ठिपक्यातून एक किरण सोडायचा, तो चकचकीत पृष्ठभागावरून उलटला किंवा काचेत शिरून वाकला की त्याचा पुढे पाठलाग करायचा. त्यांच्या गाजलेल्या गोळ्यांचं एक चित्र काढायला वॅक्स संगणकाला सव्वा तास लागला.

गेमवाल्यांनी मग लबाडी पत्करली, आणि ती मला खऱ्या किरणांइतकीच भावते. पडद्यावर आधीच रंगवलेले ठिपके उचलायचे आणि तळ्यात उतरवायचे. चोरी पकडायचीय? तळ्याकाठी उभं राहून नजर खाली वळवा. पलीकडचा डोंगर पडद्याबाहेर गेला, की पाण्यातलाही विरून जातो. अपवर्तनाचं काम तर आणखी स्वस्तात उरकतात: तळाचं चित्र लाटेच्या उताराप्रमाणे जरासं सरकवायचं. किरण नेमका किती वाकायला हवा होता, हे बघणाऱ्याला कुठे कळतंय!

एका बाबतीत मात्र डोळा फसत नाही. सरळ खाली पाहिलं तर पाणी २ टक्केच प्रकाश परतवतं, म्हणून पायाशी गोटे दिसतात. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेल्या नजरेलाही ५-६ टक्केच. पण ८० अंशांवर आकडा एकदम ३५ च्या घरात जातो. हे प्रमाण सांगणारी फ्रेनेलची मूळ समीकरणं लांबलचक, म्हणून क्रिस्तोफ श्लिक यांनी १९९४ मध्ये त्यांना सुटसुटीत पर्याय दिला. एकातून कोनाचा कोसाइन वजा करून पाचवा घात घ्यायचा, एवढाच त्याचा गाभा.

२०१८ पासून किरणांचा पाठलाग करणारी खास यंत्रणा ग्राफिक्स कार्डातच आली. ‘बॅटलफिल्ड ५’ मध्ये पाठीमागची, पडद्याबाहेरची आग समोरच्या मोटारीच्या पत्र्यावर झळकू लागली. तरीही एका ठिपक्यामागे मोजकेच किरण परवडतात. उरलेले दाणेदार डाग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून आणि मागच्या चित्रांवरून अंदाजानेच पुसले जातात.