डार्विनच्या पतंगाला बढती

मादागास्कर बेटावरच्या एका पतंगाला 2021 मध्ये बढती मिळाली. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील 'झँथोपॅन मॉर्गनाय' या पतंगाची उपप्रजाती म्हणून तो 118 वर्षे नोंदला जात होता. आता 'झँथोपॅन प्रेडिक्टा' ही स्वतंत्र प्रजाती झाली आहे.

हा पतंग शास्त्रज्ञांना सापडण्याआधीच गाजला होता. 1862 मध्ये चार्ल्स डार्विनकडे मादागास्करचे एक पांढरे ऑर्किड आले. फुलाला मागे सुमारे 30 सेंटिमीटर लांब नळी आणि मधुरस फक्त तिच्या तळाशी. तिथवर सोंड पोहोचेल असा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे, असे डार्विनने सांगितले. 1867 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने ब्रिटिश म्युझियममधल्या मॉर्गनायची सोंड मोजली. ती साडेसात इंच भरली. याहून दोन-तीन इंच लांब सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये नक्की मिळेल, असे त्याने लिहून ठेवले.

1903 मध्ये वॉल्टर रॉथशिल्ड आणि कार्ल जॉर्डन यांनी बेटावरच्या त्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रंगरूपाने तो मॉर्गनायचा सख्खा भाऊ वाटत होता, म्हणून त्याला उपप्रजातीतच बसवले गेले.

2021 मध्ये पॅरिस आणि लंडनच्या संग्रहालयांतील संशोधकांनी जुने नमुने नव्याने तपासले. मुख्य भूमीवरच्या पतंगांचे पोट पांढरट किंवा पिवळसर, तर बेटावरच्यांचे गुलाबी छटेचे निघाले. जननेंद्रियांची रचना निराळी होती. सोंडही जास्त लांब होती. एका नमुन्याची तर तब्बल 28.5 सेंटिमीटर भरली. प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात 7 टक्क्यांहून जास्त फरक आढळला. असे अनेक पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले, तेव्हा दर्जा बदलला. नामकरणाच्या नियमांनुसार 'प्रेडिक्टा' हे नाव आणि त्याचे श्रेय मात्र रॉथशिल्ड-जॉर्डन यांच्याकडेच राहिले.

हा केवळ कागदोपत्री बदल नव्हे. आफ्रिकाभर पसरलेल्या प्रजातीची एक शाखा धोक्यात आली, तरी यादीत ती प्रजाती सुरक्षितच दिसते. फक्त मादागास्करमध्ये राहणाऱ्या प्रजातीला मात्र दुसरे घर नसते, आणि तिथली जंगले झपाट्याने तुटत आहेत. संवर्धनाचे नियोजन प्रजातींच्या याद्यांवर चालते. म्हणूनच संग्रहालयांतल्या जुन्या पेट्या पुन्हा उघडून पाहणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञांचे काम जंगल राखणाऱ्यांइतकेच मोलाचे आहे.