कुत्र्याचे केस आणि आपले घर

ज्या घरात कुत्रा आहे त्या घरात केस आहेत. सतरंजीवर आहेत, सोफ्याच्या फटीत आहेत, इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांवर आहेत, आणि क्वचित वरणाच्या वाटीतही निघतात. पिल्लू घरी येते तेव्हा मुले नाचतात, शेजारीपाजारी कौतुकाने पाहायला येतात, आणि त्या गडबडीत केसांचा विचार कोणाच्याच मनात येत नाही. पाच-सहा महिन्यांनी पिल्लाची मऊ लव जाऊन मोठा केस येऊ लागला, की रोजच्या केरात ओंजळभर केस निघू लागतात आणि कुरबूर सुरू होते. आधी त्याला दिवाणखान्यात मज्जाव होतो. मग मुक्काम गॅलरीत हलतो. पुढे गळ्यात साखळी येते, आणि शेवटी 'कुणी नेणार असेल तर बघा हो' इथपर्यंत मजल जाते. ज्या जनावराने आपल्या घराला आपले मानले त्याची पाठवणी केवळ केसांपायी व्हावी, ही काही चांगली गोष्ट नव्हे. ती टाळता येते. कशी, तेच इथे पाहू.

पहिली गोष्ट ही, की केस गळणे हा मुळात कुत्र्याचा दोष नाही आणि रोगही नाही. पान पिकते, गळते, त्या जागी नवे येते, तसाच हा प्रकार. प्रत्येक केस काही दिवस वाढतो, मग थांबतो, काही काळ नुसता मुळाशी टिकून राहतो आणि नंतर सुटतो. आपल्या डोक्यावरचा केस वर्षानुवर्षे वाढत राहतो. बहुतेक कुत्र्यांचा केस मात्र ठराविक लांबीचा झाला की वाढायचा थांबतो. लॅब्रॅडॉरला कधी न्हाव्याची गरज पडत नाही, ती यामुळेच. पूडल जातीचे उलट आहे. त्याचा केस वाढतच राहतो, म्हणून तो कमी गळतो. पण मग दर महिना-दीड महिन्याला कातरावा लागतो. म्हणजे एक खर्च चुकला तर दुसरा उभाच!

आता केस केव्हा गळायचे, हे पुष्कळ अंशी दिवसाच्या लांबीवर ठरते. लंडनला डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही भरत नाही आणि जूनमधला साडेसोळा तासांचा असतो. एवढा फरक पडला की कुत्र्याच्या शरीराला ऋतू बदलल्याची वर्दी मिळते, आणि वसंतात व शरदात त्याची कात टाकल्यासारखी गळती होते. आपल्या मुंबईला लहानात लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि मोठ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. त्यातून घरात रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत दिवे. शरीराला स्पष्ट वर्दी मिळतच नाही, आणि केस थोडेथोडे बारा महिने गळत राहतात. 'पुस्तकात तर वर्षातून दोनदा लिहिलंय, मग आमच्याकडे रोज कसे?' असे विचारणाऱ्यांना उत्तर मिळाले ते असे.

दुसरी गोष्ट केसांच्या थरांची. लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, पॉमेरेनियन, गोल्डन रिट्रीव्हर या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात. वर राठ केस, आत मऊ लोकर. घरभर गोळे होऊन फिरते ती बहुतांशी ही आतली लोकर. आपला गावठी कुत्रा, मुधोळ किंवा कारवान यांच्या अंगावर अशी लोकर फारशी नसते. त्यांचे केस आखूड, म्हणून गळतात ते दिसत नाहीत. पण कापडात सुईसारखे रुततात.

हे दोन थर लक्षात घेतले, की उन्हाळ्यात होणारी एक मोठी चूक टळेल. चैत्र-वैशाख आला की पुष्कळ जण कुत्र्याचे अंग यंत्राने साफ भादरून आणतात. त्याला गार वाटावे आणि घरही स्वच्छ राहावे, असा दुहेरी हेतू. पण कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. त्याची उष्णता मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकण्यातून जाते. अंगावरचा केस थंडी अडवतो तसेच ऊनही अडवतो. तो काढला म्हणजे कातडी उघडी पडते आणि भाजते. शिवाय दुहेरी थराचा केस एकदा मुळापर्यंत काढला, तर काही कुत्र्यांचा तो वर्षभर नीट भरून येत नाही. डॉक्टरांनी सांगितले, किंवा जटा कातडीपर्यंत गेल्या, तर गोष्ट वेगळी. एरवी सुटलेली लोकर विंचरून काढा. त्याने वारा आतपर्यंत खेळतो आणि कुत्र्याला खरा गारवा मिळतो.

तेव्हा खरा उपाय एकच: जो केस आज गळणार आहे तो जमिनीवर पडण्याआधी आपल्या हाताने काढून घेणे. त्यासाठी फार सामग्री लागत नाही. आखूड केसांच्या कुत्र्याला रबरी दातांचा हातमोजा पुरतो. दुहेरी केसांच्या कुत्र्याला लांब, बोथट दातांचा लोखंडी कंगवा आणि तारांचा ब्रश हवा. गॅलरीत किंवा दारात जुने वर्तमानपत्र पसरा, कुत्र्याला उभे करा, आणि मानेपासून शेपटीकडे, केसांच्या वळणानेच विंचरा. दाट केस असतील तर वरवर हात फिरवून उपयोग नाही. आपण भांग पाडतो तसा एका हाताने केस दुभागून कातडी दिसू द्यावी आणि मग थोडा थोडा भाग घ्यावा. कानामागे, बगलेत, जांघेत आणि मांडीच्या मागच्या झुपक्यात गुंता होतो. तो खसकन ओढू नये; बोटांनी सैल करून टोकाकडून सोडवावा. एकदा दुखले की कुत्रा दुसऱ्या दिवशी कंगवा पाहूनच पलंगाखाली जातो. लोकरवाल्या कुत्र्याला रोज दहा मिनिटे, आखूड केसांच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा, एवढे पुरे. पिल्लूपणापासून सवय लावली तर पुढे तो आपण होऊन समोर येऊन उभा राहतो.

आंघोळीने केस कमी होतात हे खरे. पण रोजची आंघोळ नको. साधारण तीन-चार आठवड्यांनी एकदा घालावी, आणि आधी विंचरून मगच घालावी, कारण पाणी लागले की गुंता घट्ट बसतो. आपला साबण वापरू नये. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिची आम्लता कमी असते. आपल्या साबणाने ती कोरडी पडते, कोंडा होतो आणि केस उलट जास्तच जातात. पावसाळ्यात तर अंग अगदी मुळापर्यंत पुसून वाळवावे. ओली लोकर दिवसभर तशीच राहिली की बुरशी धरते आणि कुबट वास येऊ लागतो.

आता जेवणाकडे वळू. केस हा प्रथिनांचा बनलेला असतो. नुसत्या दूध-पोळीवर वाढवलेल्या कुत्र्याचा केस निस्तेज होऊन गळला तर नवल नाही. उकडलेले अंडे, कोंबडी, मासळी किंवा चांगले तयार खाद्य त्याच्या ताटलीत हवे. 'मीठ खाल्ल्याने केस गळतात' ही समजूत घराघरांत आहे; तिला आधार नाही. म्हणून काही त्याला आपली मसालेदार आमटी वाढायची, असे मात्र नव्हे. कांदा आणि लसूण तर त्याला विषच आहे, कारण त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात.

एवढे करूनही थोडे केस घरात पडणारच. त्यांच्यासाठी दोन-चार साध्या युक्त्या. केर काढण्यापूर्वी पंखा बंद करावा, नाहीतर केस आपल्या पुढे पुढे पळतात. केरसुणीपेक्षा ओलसर फडके बरे. सोफ्यावर ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवला, तर केसांची दोरीच वळून येते. कुत्र्याच्या बसण्याच्या जागी जुनी चादर घालावी आणि दर आठवड्याला धुवावी. धुण्यापूर्वी ती बाहेर झटकावी, कारण भिजलेला केस कापडाला चिकटून बसतो. लादी पुसताना फिनेल वापरले तर नंतर साध्या पाण्याचा हात फिरवावा. कुत्रा पाय चाटतो. आणि विंचरलेले केस चिमण्यांच्या घरट्यांसाठी म्हणून गॅलरीत ठेवू नका. ब्रिटनमधल्या पक्ष्यांच्या घरट्यांत पाळीव जनावरांवरच्या पिसवांच्या औषधांचे अंश सापडल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले आहे.

केस पोटात गेला तर काय, अशी धास्ती लहान मुलांच्या आयांना असते. एखादा केस गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. त्यापेक्षा कुत्र्याला जंताचे औषध आणि लसी वेळच्या वेळी देण्याची काळजी अधिक महत्त्वाची. घरात दम्याचा किंवा शिंकांचा विकार असेल, तर मात्र पिल्लू आणण्यापूर्वीच विचार करा. त्रास खरा केसाचा नसतो. कुत्र्याच्या लाळेतली आणि कोंड्यातली प्रथिने तो देतात. केस न गळणारी जात घेतली म्हणजे सुटका झाली, असेही नाही. अमेरिकेत २०११ साली कुत्री असलेल्या घरांतली धूळ तपासली, तेव्हा अशा जातींच्या घरांत ही प्रथिने कमी आढळली नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'केस काय, गळतातच' म्हणून सोडून देण्यातही धोका आहे. सर्व अंगाचा केस सारखा विरळ होऊन नवा येत असेल, आणि खालची कातडी स्वच्छ असेल, तर काळजी नाही. वीण झालेल्या कुत्रीचे केस महिना-दोन महिन्यांनी एकदम गळतात, तेही भरून येतात. परंतु एका जागी चट्टा पडला, कातडी लाल झाली, खपल्या धरल्या, कुत्रा सारखा खाजवू लागला, तर ती खरूज किंवा नायटा असू शकतो, आणि हे दोन्ही माणसांनाही लागतात. दोन्ही कुशींवर सारख्याच जागी केस विरळ झाले, कुत्रा सुस्तावला, न खाताही जाड होऊ लागला, किंवा फार पाणी पिऊ लागला, तर दुखणे आतल्या ग्रंथींचे असण्याचा संभव असतो. अशा वेळी रॉकेल, फिनेल, गंधक असले घरगुती प्रयोग करू नयेत. त्यांनी कातडी भाजते, आणि चाटले तर जिवावर बेतते. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मुंबईकरांना परळचे, १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

आणि हे सगळे कळणार कसे? तर त्या रोजच्या दहा मिनिटांत. कंगवा फिरवतानाच कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बसलेली गोचीड हाताला लागते. गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याचा प्राण घेऊ शकतो, आणि तो वेळेवर ओळखला तर बहुधा बरा होतो. एखादी गाठ, एखादी जखम, नेहमीपेक्षा ऊन लागणारे अंग हेही तेव्हाच समजते. कुत्र्याला आपले दुखणे बोलून दाखवता येत नाही. त्याचे बोलणे आपल्या हातालाच ऐकावे लागते.

तेव्हा वाचकहो, केस थांबवण्याच्या मागे लागू नका; ते थांबायचे नाहीत. ते रोज गोळा करा. घर स्वच्छ राहील, कुत्रा निरोगी राहील, आणि त्याला गॅलरीत बांधण्याची वेळ येणार नाही. दिवसातली दहा मिनिटे ही त्यासाठी काही मोठी किंमत नव्हे.