निर्वासितांची नोंद आणि त्यांची संमति

गृहस्थाच्या घरची माहिती वैद्यापाशीं असते, पेढीवर असते, शिधावाटपाच्या दुकानींही असते. ज्या कामासाठीं ती दिली, त्या कामापुरतीच ती राहील अशी त्याची अपेक्षा असते. सुस्थितींतील मनुष्याची ही अपेक्षा मोडली तर त्यास मनस्ताप होतो. निराश्रिताची मोडली तर प्रसंगीं जिवावर बेततें.

रोहिंग्या निर्वासितांचें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या लष्कराच्या अत्याचारांमुळें सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशांत आश्रयास आले. २०१८ सालीं बांगलादेश सरकार व संयुक्त राष्ट्रांची निर्वासित-संस्था यांनीं त्यांची संयुक्त नोंदणी आरंभिली. छायाचित्र, बोटांचे ठसे व बुबुळांची प्रतिमा घेऊन मदतीसाठीं ओळखपत्र देण्यांत येई.

जून २०२१ मध्यें ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेनें उघड केलें कीं, किमान ८ लाख ३० हजार जणांची माहिती बांगलादेशानें म्यानमारकडे सोपविली होती. हेतु परतपाठवणीच्या तपासणीचा होता. परंतु ज्यांच्या भयानें लोक पळाले, त्यांच्याच हातीं त्यांची ओळख पडली.

प्रत्येकाची संमति घेतली होती, असें निर्वासित-संस्थेनें सांगितलें. मात्र मुलाखती दिलेल्या २४ निर्वासितांपैकीं बहुतेकांना याची कल्पनाच नव्हती. पावतीवर ‘होय’पुढें खूण होती, पावती इंग्रजींत, आणि इंग्रजी वाचूं शकणारे अवघे तिघे!

येथें यंत्र बिघडलें नव्हतें. ठसे अचूक उमटले होते. उणीव योजनेंत होती. धान्याच्या आशेनें रांगेंत उभ्या असलेल्या मनुष्याचा होकार हा कोऱ्या कागदावरील अंगठ्यासारखाच असतो.

यास्तव यंत्रणा आंखण्यापूर्वींच त्या लोकांत बसून विचारलें पाहिजे: ही माहिती कोणाच्या हातीं पडण्याची त्यांस भीति वाटते? कोणती माहिती मुळींच घेऊं नये? स्त्रियांचें म्हणणें निराळें ऐकावें, कारण कुटुंबप्रमुखाचें उत्तर तें त्यांचें असेलच असें नाहीं. मदतीची नोंद आणि परतपाठवणीची नोंद वेगळ्या ठिकाणीं, वेगळ्या दिवशीं व्हावी. खुलासा त्यांच्या बोलींत, तोंडी करावा. आणि नकार देणाऱ्यासही शिधा मिळतो, हें सर्वांस प्रत्यक्ष दिसावें.

हरवलेलें ओळखपत्र नवें करून मिळतें. बोटांचा ठसा मात्र जन्मभर तोच राहतो. तो एकदां परक्या हातीं गेल्यावर परत मागण्याचा उपाय नाहीं. म्हणून विचारपूस आधीं, नोंद मागाहून.